पोळ्याला रंगवलेली घसरगुंडी

मित्रांनो, मला जुनी म्हटलेलं चालतं, मोडकी म्हटलेलं चालत नाही. मी घसरगुंडी आहे. नागपुरात अजनीच्या अलीकडे, एका ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानात, कडुनिंबाच्या झाडाखाली उभी आहे. पुस्तकात माझं नाव घसरगुंडी असलं तरी इथली पोरं मला फिसलपट्टी म्हणतात आणि मी त्या नावालाही ओ देते. मला अकरा पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना पाइपाचे कठडे आहेत, आणि वरून खालपर्यंत एकच सलग पत्रा आहे. सलग आहे, हे नीट लक्षात ठेवा. जोडाच्या घसरगुंड्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांच्यावर बसलेल्या पोरांच्या चड्ड्या काय ते बोलतील.

माझा जन्म १९६२ सालचा. मला घडवलं ताराचंद फिटरनं. तो रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता आणि मैदानामागच्या बुद्ध विहाराशेजारी राहायचा. ले-आउटच्या लोकांनी लिलावातला पत्रा आणि पाइप आणून दिले आणि ताराचंदनं आपल्या सुटीच्या दिवशी मला बनवायला घेतलं. नऊ रविवार लागले. रिबिटांची डोकी त्यानं आत दाबून बसवली, पत्र्याच्या कडा वळवून गोल केल्या आणि प्रत्येक कडेवरून आपला तळहात फिरवून पाहिला. हाताला ओरखडा आला की पुन्हा कानस घ्यायची, पुन्हा तळहात फिरवायचा. लेकरांची कातडी लागायच्या आधी त्यानं आपली लावून पाहिली. माझ्यासारखी घसरगुंडी उगाच तयार होत नाही.

तरी पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. पत्रा कोरा आणि खरबरीत होता. पोरं वरून बसली आणि अर्ध्यावर येऊन थांबली. मैदानात जमलेली मोठी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ताराचंद मात्र हसला. त्यानं घरून पोत्याचे तुकडे आणले, पत्र्यावर मूठभर बारीक रेती टाकली आणि म्हणाला, "अजून कच्ची हाये हे. हिचं पॉलिश कारखान्यात होत नाही. बसा लेकरायहो पोत्यावर, अन् घसरत राहा."

आठ दिवस पोरं घसरत राहिली. नवव्या दिवशी माझ्यात आभाळ दिसू लागलं. मित्रांनो, माझी चमक मला कुणी लावलेली नाही. ती पोरांनी बसून बसून आणलेली आहे, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. रविवारी दुपार उतरली की घराघरांतून माणसं निघायची. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात डबा, काखेत चादर. कडुनिंबाखाली चादरी अंथरल्या जायच्या, डब्यांतून चिवडा आणि सांज्याच्या पोळ्या निघायच्या, हिवाळ्यात संत्र्यांची सालं उडायची. बाया गप्पा मारता मारता एक डोळा माझ्याकडे ठेवायच्या. बाप माणसं खाली उभी राहून येणाऱ्या लेकराला झेलायची. उन्हाळ्यात तर माझा थाट और असायचा. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, दिवसभरात माझा पत्रा तव्यासारखा तापायचा. मग पाच वाजता शेजारच्या घरांतून बादल्या यायच्या आणि मला अंघोळ घातली जायची. पाणी आधी चरचरायचं, मग नुसतं वाहायचं, आणि मगच पोरांना वर जायची परवानगी मिळायची. काही लोक म्हणायचे, महाराजबागेत जाऊ, तिथं वाघ आहे. जरूर जा. पण वाघाच्या पाठीवरून घसरता येत नाही.

आता रुपरावांबद्दल सांगते. रुपराव आमच्या मैदानाच्या कमिटीचे प्रमुख. नोकरीतून मोकळे झालेले, पण मनानं रामटेककडच्या आपल्या गावात राहिलेले. पोळा जवळ आला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, कारण शहरातल्या त्यांच्या दारात बैल नव्हता. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस अंघोळ घालायची, रंगवायचं, गोडाधोडाचं खाऊ घालायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. १९७३ च्या पोळ्याला त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सालभर लेकरायचा भार कोण वाहते? हेच ना?" ते कमिटीतल्या लोकांना म्हणाले. "बैलाले रंगवतो, मंग हिले काहून नाही?"

सगळ्यांना पटलं. खरं सांगते, मलाही पटलं. रुपरावांनी गावाकडच्या रीतीप्रमाणे गेरूचा रंग जवसाच्या तेलात कालवला. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडी चाकांना तिकडे तोच रंग देतात. माझ्या पायऱ्या त्यांनी लाल केल्या, कठडे पिवळ्या मातीनं पिवळे केले, आणि मग हात आवरेना म्हणून वरून खालपर्यंत सगळा पत्राही लालभडक रंगवून टाकला. मला हार घातला, तोरण बांधलं, पुरणपोळीचा घास ठेवला. त्या दिवशी माझ्यावर कुणी बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी स्वतःवर इतकी खूश होते की काय बिघडलं ते मला कळलंच नाही.

लाकूड तेल पिऊन टाकतं, मित्रांनो, लोखंड पीत नाही. त्यात भादव्याचे दिवस तोंडावर आलेले, हवा ओली. रंग वरवर वाळल्यासारखा दिसला आणि आत तसाच चिकट राहिला.

दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा होता. पोरं लाकडी बैल घेऊन, नवे कपडे घालून मैदानात आली. त्यांत चार वर्षांची प्रेमिला होती. तिचे वडील मधुकरराव एका कचेरीत मोठे बाबू होते. देहानंही मोठे होते, आणि पांढऱ्या कपड्यांवर सुरकुतीही खपवून न घेणारे. सजलेली घसरगुंडी पाहून प्रेमिला सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढली, बसली आणि बरोबर मध्यावर चिकटली. खाली येईना, वर जाईना. तिनं जो टाहो फोडला तो मी अजून विसरले नाही. मधुकररावांनी वर हात करून तिला ओढून काढलं, तेव्हा नव्या फ्रॉकचा मागचा घेर माझ्यावरच राहिला.

"याले रंगवणं म्हणतात?" मधुकरराव गरजले. "लेकराचा जीव घाबरून गेला माझ्या!"

रुपरावांनी मान खाली घातली. त्यांच्या हातात त्या दिवशीसाठी आणलेला नवा हार तसाच होता.

त्यानंतर माझ्यावर जे वर्ष आलं ते कुणावर येऊ नये. चिकट रंगावर धूळ बसली, निंबोळ्या बसल्या, मुंग्या बसल्या, फक्त पोरं बसली नाहीत. रुपरावांनी रॉकेल लावून सुरीनं खरवडून पाहिलं, तर उलट पत्र्यावर चरे पडले आणि त्यांनी भिऊन हात काढून घेतला. ताराचंद असता तर त्यानं काही केलं असतं, पण त्याची बदली डोंगरगडला झाली होती. रविवारी माणसं यायची, पण चादरी आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पडायच्या. प्रेमिला आईचं बोट धरून माझ्यापासून लांबून जायची. ती एकदा जरी माझ्याकडे आली असती तर मी तिला सांगितलं असतं की चूक माझी नव्हती. पण घसरगुंडीला बोलता येत नाही, हा माझ्यातला एकच दोष आहे.

पुढच्या पावसाळ्यात कमिटीची बैठक माझ्याच सावलीत भरली. मधुकरराव म्हणाले, "पोट्टे पडतील, हातपाय मोडतील. काढा हिले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, त्याच दिवशी भंगारवाल्याची बंडी बोलवू. इथं सिमेंटचा बाक टाकू." वर्षाची सगळी पीडा मारबतीच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर घालवतात ना, तिच्याच रांगेत त्यांनी मला बसवलं. रुपराव पायाजवळच्या निंबोळ्या वेचत राहिले. ज्याच्या हातून चूक झाली तो कोणत्या तोंडानं बोलणार? मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. बाक! बाकावर बसून कुणी कधी ओरडलं आहे का आनंदानं?

पोळ्याच्या आधीचा तो शेवटचा रविवार. संध्याकाळी मैदानात एक ओळखीची चाल दिसली. ताराचंद सुटीवर घरी आला होता. तो सरळ माझ्यापाशी आला आणि त्यानं पत्र्यावर तळहात टेकवला. हात चिकटला. त्यानं रुपरावांकडे पाहिलं.

"कोनं केलं हे?"

"म्या केलं गा," रुपराव म्हणाले. "मान द्याले गेलो, अन् घात करून बसलो. दोन दिवसांनी बंडी येऊन राहिली हिले न्याले."

ताराचंदनं वाकून पत्रा वरपासून खालपर्यंत पाहिला. "खरवडू नका. आनखी चरे पडले तर लेकरायचे कपडे फाटतील. रेती आना अन् पोते आना. जशी पहिल्यांदा पक्की केली, तशीच पुन्हा करू."

पोत्यांचे तुकडे आले, रेती आली. पोरं वर चढली, बसली आणि जागच्या जागी राहिली. त्यांच्या वजनाला तो रंग दाद देईना.

"लेकरायचं काम नाही हे," ताराचंद म्हणाला. "मोठ्यायले बसा लागन."

ले-आउटमधली सगळी भारदस्त माणसं आपापल्या चपलांकडे पाहू लागली. मग रुपरावांनी धोतराचा काचा मारला, बासष्ट वर्षांचे गुडघे अकरा पायऱ्यांवरून वर नेले, पोत्यावर बसले आणि करकर करत, अडत, हातानं रेटत खाली आले. त्यांच्यामागे लाल चुऱ्याचा ढीग पडला. त्याखाली बोटभर पत्रा चमकला!

मग कुणी थांबेना. चष्मे खिशात गेले, पदर खोचले गेले. प्रेमिलाची आई जया, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती वरून ओरडली, "सरका वं बाई, मी येऊन राहिली!" आणि अशी आली की खालच्या दोघी बाजूला पडल्या. वरचा भाग मोकळा झाला, खालचा झाला. फक्त मध्यावर, जिथं प्रेमिला चिकटली होती, तिथं रंगाचा जाड थर हटेना. ज्याला त्याला तिथंच अडकायला होत होतं.

"इथं जरा भारी मानूस पाहिजे," ताराचंद म्हणाला.

कुणी नाव घेतलं नाही. नुसते सगळे मधुकररावांकडे पाहू लागले. ते पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून, चादरीपाशी उभे होते.

"मी? शक्यच नाही," ते म्हणाले.

तेव्हा त्यांच्या पायाशी बसलेली प्रेमिला उठली. वर्षभरानं पहिल्यांदा ती माझ्याजवळ आली. तिनं मधल्या लाल थराकडे बोट दाखवलं. "बाबा, मी इथंच अटकली होती. तुम्ही पण भेता का?"

मधुकररावांनी चप्पल काढली. पायऱ्या कुरकुरल्या, पण मी हलले नाही; मला कुणी घडवलंय ते तुम्हाला माहीत आहे. ते बसले, निघाले आणि बरोबर त्याच जागी अडकले. सगळं मैदान हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं प्रेमिला हसली. मधुकररावही हसले, आणि मग त्यांनी जी जिद्द धरली! दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. शर्ट लाल, विजार लाल, केसांत रेती. सातव्या खेपेला ते थांबलेच नाहीत, थेट खाली येऊन मातीत आपटले.

ताराचंदनं रेती झटकली आणि पत्र्यावरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्यानं तो हात सगळ्यांना दाखवला. एकही ओरखडा नव्हता.

कुणी काही म्हणायच्या आत प्रेमिला अकराव्या पायरीवर पोचली होती. ती बसली. कठडा तिनं घट्ट धरला होता. खाली तिचे वडील लाल होऊन, हात पसरून उभे होते. तिनं कठडा सोडला, आणि मित्रांनो, मी तिला असं खाली नेलं की तिला रडायला वेळच मिळाला नाही. ती बापाच्या पोटावर आदळली आणि म्हणाली, "पुन्हा!"

"बंडीवाल्याले निरोप द्या," मधुकरराव धापा टाकत म्हणाले. "म्हणा, येऊ नको."

आज १९८६ साल आहे. रुपराव आता नाहीत. पण दर पोळ्याला त्यांच्या मागे कुणीतरी माझ्या पायऱ्या आणि कठडे रंगवतं, आणि पत्र्याला ब्रश लागू नये म्हणून मधुकरराव काठी घेऊन शेजारी उभे असतात. मला मान मिळतो, तक्रार नाही. मात्र हल्ली रविवारी मैदानात चादरी कमी पडतात. घरोघरी टीव्ही आले आहेत. मागच्या महिन्यात सलग दोन रविवार माझ्यावर कुणी बसलं नाही, तर डाव्या कडेला गंजाचा एक ठिपका आला. एवढासाच आहे. पण तो कसा वाढतो, ते मला माहीत आहे.

म्हणून, मित्रांनो, मला हार नको, तोरण नको. जिच्यावर तुमचं प्रेम आहे ती वस्तू नुसती सजवून ठेवू नका, तिच्याकडून काम घ्या. या रविवारी मैदानात या. पोत्याचा एक तुकडा आणा, मूठभर रेती मी इथंच देते. आणि येताना आईबाबांना जरूर सोबत आणा. या कामाला वजन लागतं.