ओढ्यातली रेघ

चार दिवस, तीन मुक्काम, पाच ओढे. अक्षदाने सगळा बेत वहीत उतरवला होता आणि कितीदाही वाचला तरी तिला त्यात खोट सापडत नव्हती. अवसरी खुर्दच्या कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेऊन ती मंचरला रस्त्यांच्या मोजणीचं काम करायची. मोजलेल्या गोष्टीवर तिचा भारी विश्वास. सोबत येणार होती आरफा, कॉलेजात असताना एकाच खोलीत राहिलेली, जुन्नरची. तिने तांदूळ, डाळ, खजूर, औषधं असं सगळं वजन करून दोन सॅकमध्ये वाटून ठेवलं होतं. ऑक्टोबर लागला की निघायचं. आहुप्याहून कड्याच्या काठाने भीमाशंकरच्या रानापर्यंत जायचं आणि आतल्या दऱ्यांमधून फिरून परत आहुप्यालाच यायचं.

पहिल्या दिवसाची वाट तिने इंटरनेटवरून उतरवून घेतली होती, पुढची नकाशावर स्वतः आखली होती. कुणा डोंगर फिरणाऱ्याच्या मोबाइलने चालता चालता नोंदवलेली ती रेघ. आधीच त्रेचाळीस जणांनी घेतलेली, म्हणजे खात्रीचीच, असं अक्षदाचं म्हणणं.

"तरी ओढ्यांचं पाणी एकदा गावात विचारून घेऊ," आरफाने हट्टच धरला. म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी दोघी स्कूटीवरून डिंभ्याच्या धरणाला वळसा घालून आहुप्यात पोचल्या. चौकशी केली तेव्हा लोकांनी गेणूबाबांचं घर दाखवलं. साठी उलटलेला माणूस, सगळी हयात त्या रानात गुरांमागे गेलेली. त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, बिनदुधाचा चहा पुढे केला आणि त्याही उंबऱ्याशी ऐकत बसल्या.

पहिल्या दोन ओढ्यांना गेणूबाबांनी हातानेच उडवून लावलं. "त्ये काय, शेरडं बी जात्यात."

"आता हा तिसरा." अक्षदाने मोबाइलवर बोट ठेवलं. "इथं वाट ओढ्यात उतरते, मग पाण्याच्या कडेनं अर्धा किलोमीटर खाली जाते. आणि या वळणावर आमचं दुपारचं जेवण. त्या माणसानंसुद्धा इथंच विश्रांती घेतलीय, मग संध्याकाळी आहुप्याला परतलाय."

गेणूबाबांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले.

"हितं जेवणार तुमी?"

"हो. का?"

"बाय, हितं वाट न्हाई."

"ही रेघ आहे की."

"रेघ आसंल. दोन्ही अंगाला उभा कातळ हाय, मधी निस्तं पाणी. हितनं माणूस चालतच न्हाई." ते थांबले. "कवाची हाय ही?"

अक्षदाने तारीख वाचली. "दोन हजार चोवीस. एकोणीस ऑगस्ट."

"राखीपुनव," उंबऱ्यावरून सखूबाई म्हणाल्या.

गेणूबाबांनी मोबाइल जमिनीवर ठेवला. निखारा खाली ठेवावा तसा.

"त्यो चालला न्हाई, पोरींनो. त्याला पाण्यानं न्हेला. पुण्याचा व्हता, एकलाच आलता. सकाळी ह्याच पडवीत च्या पिला. मी म्हणलं, आज उतरू नको, वर पाऊस लई हाय. हसला अन् गेला. सांजच्याला आमी चौघांनी त्याला त्या वळणावरनं काढला. फोन कमरंला पिशवीत बांधल्याला, सुका ठाक. पोलिसांनी भावाच्या हातात दिला तवाबी चालूच व्हता."

अक्षदाने मोबाइल जमिनीवरून उचलला. त्याचा फोन भावाच्या घरी गेला असेल, नेटवर्क मिळालं असेल, आणि आतली रेघ आपोआपच इंटरनेटवर गेली असेल. तिने त्या तुकड्याचा वेग उघडून पाहिला. ताशी चौदा किलोमीटर. रस्ते मोजणाऱ्या बाईकडून हाच एक आकडा बघायचा राहिला होता. गुळगुळीत दगडांवरून ताशी चौदाने कोण चालतं? आणि जिथं त्याचं अंग अडकलं, तिथं तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं: दुपारचं जेवण.

आरफाने वही उचलून उलटी ठेवली. "या अल्ला," एवढंच तिच्या तोंडून निघालं. आणखी त्रेचाळीस जणांच्या मोबाइलमध्ये हीच रेघ होती.

मग गेणूबाबांनी विचारलं, "ती रेघ थांबली कवा?"

"एक बावन्नला," अक्षदा म्हणाली आणि तिथंच गप्प झाली. कारण रेघ थांबली नव्हती. वळणावरून ती पाण्याबाहेर, वर, वीसेक पावलं गेली होती. सरळ, एका दिशेने. ठेवलेला फोन कधी कधी जागच्या जागी भरकटतो हे तिला ठाऊक होतं. पण हे तसं भरकटणं नव्हतं. दोन एकतीसपर्यंत ती रेघ हळूहळू वर सरकली होती आणि मग संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली होती.

"बोल की," गेणूबाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला तो पाण्यात सापडला का?"

"न्हाई. वळणावर कातळ फुटलाय, तितनं वर, जांभळीच्या मुळाशी. आमाला वाटलं पाण्यानंच टाकला."

आरफाने मान हलवून तिला नको म्हणून खुणावलं. खोटं बोलणं सोपं होतं. मशीन चुकतं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने मानलंही असतं. पण ते तिच्याकडे असे बघत होते की तिला ते जमलं नाही.

"तो स्वतः चढला, बाबा. चाळीस मिनिटं. अडीचपर्यंत तो जिवंत होता."

मग सखूबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्या दुपारी ओढ्याच्या वर गुरं चारताना मी म्हणलं व्हतं. कोन वरडतंय म्हणून."

"गुराखी आसंल म्हणलो मी," गेणूबाबा म्हणाले. "गुराखीच आसंल, म्हणलो." ते उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि अनवाणीच बाहेर निघून गेले.

दोघी तासभर तशाच बसून राहिल्या. सखूबाईंनी भाकरी वाढली, ती ताटात तशीच राहिली. गेणूबाबा परतले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. त्यांनी अक्षदाला तिसरा ओढा पुन्हा दाखवायला सांगितला आणि वरच्या अंगाला, जिथं पाणी पसरट कातळावरून पातळ होऊन वाहतं, तिथं बोट टेकवलं. "हितनं जायचं. त्ये बी पौषात. आदी न्हाई." मग त्यांनी आपल्या फोनमध्ये त्या मुलाच्या भावाचा नंबर शोधायला लावला. "दिवाळीला फोन करतो त्यो मला, आठवणीनं. त्याला मीच सांगणार. तुमी न्हाई."

त्यांनी सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. दोन दिवसांत ती रेघ इंटरनेटवरून गेली, म्हणजे भावानेच काढली असणार. पण उतरवून घेतलेल्यांकडे ती होतीच. अक्षदाने ट्रेकवाल्यांच्या एकेका ग्रुपवर शोध घेत सव्वीस जणांना गाठलं. दोघांनी तोच ओढा ऑक्टोबरात ठरवला होता. बाकीचे कुठे आहेत, तिला अजून माहीत नाही. त्या दिवाळीला गेणूबाबांना भावाचा फोन आला नाही.

जानेवारीत दोघी निघाल्या. तिसऱ्या ओढ्यावर, गेणूबाबांनी दाखवलेल्या जागी, पाणी घोट्याला लागत होतं. लहान मूलही ओलांडून गेलं असतं. तरी आरफा काठावर थबकली, आणि तिच्यामागे अक्षदाही. खालून, कातळांच्या फटीतून, पाण्याचा आवाज येत होता. ऐकायला अगदी माणसांच्या बोलण्यासारखा.

"कुणी हाक मारतंय का गं?" आरफाने विचारलं.

दोघींनी सॅक खाली ठेवल्या आणि जाऊन बघून आल्या.