गाडीसाठी आणलेला दिवा

गाडीला कधी क्षय होतो का? आमच्या लेकीच्या मते होतो. मुंब्र्याहून रुबिनानं फोनवर स्पष्टच सांगितलं, “अब्बा, आधी गाडीतले जंतू मारा. मगच मी बाळाला घेऊन येईन.”

आमची वडापची व्हॅन, भाड्यानं माणसं नेणारी. माझे घरधनी मुसा मला तिच्यातूनच आमच्या नाटे गावाहून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेत. मागच्या सीटवर मी महिनोन् महिने खोकले. आता थुंकी तपासणीत साफ आली, डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. पण रुबिनाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माझ्या खोकल्यापायी सासरी झालं. नातवाचं तोंड मी अजून पाहिलं नव्हतं. मला एकदा त्याला मांडीवर घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

थोरला लेक आमीर दुबईत. त्यानं दुकानातूनच फोन लावला. जंतू मारणारे दोन दिवे त्याच्यासमोर होते. एक हातात धरून सीटवर फिरवायचा. दुसरा उभा, गाडीतच वायर जोडून लावायचा.

“लहानच घे रे,” मुसा म्हणाले. “गाडी ती केवढी!”

मी फोन ओढून घेतला. “दोघांत कडक कुठला?”

“उभा. पण अम्मा, तो पेटला की गाडीत जिवंत कोणी नको हां.”

“मग तोच पाठव.”

गावात सुट्टीवर येणाऱ्या एकाबरोबर दिवा आला. रुबिना यायच्या आदल्या दुपारी मुसांनी तो गाडीत लावला, दारं बंद केली आणि ते जोहरच्या नमाजला गेले. मी पायरीवर बसून काचेतला निळा उजेड बघत राहिले. गाडी साफ करा म्हणाली, माझ्याबद्दल पोरीनं चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे मी साफ होणारच नाही, असं ती धरून चालली होती. मला रागच आला. सीटमधले जंतू मरतात, मग माझ्यातले का नाही मरणार?

अक्कल गहाण टाकलेली माझी. बिस्मिल्ला म्हटलं आणि दार सरकवून आत बसले. दिव्यासमोर तळवे धरले, तोंड धरलं, डोळे मुद्दाम टक्क उघडे ठेवले. जरासुद्धा चटका बसला नाही. न्हाऊन आल्यासारखी हलकी होऊन मी बाहेर आले.

रात्री डोळ्यांत वाळू खुपायला लागली. पहाटे मुसा रत्नागिरी स्टेशनावर निघाले, तेव्हा मी तोंडावर ओढणी घेऊन पडून राहिले. सांगितलं असतं, तर ते गेलेच नसते.

गाडी अंगणात आली. मी भिंत चाचपत दारापर्यंत गेले. दार सरकल्याचं ऐकू आलं, बाळ कुरकुरलं. डोळे उघडायला गेले, तर धारा लागल्या, पापणी उचलेना.

“अब्बा, हे काय?” रुबिनाचा आवाज आला. “तोंड बघा कसं लाल झालंय! बरी झाली म्हणालात ना?”

“अगो, रोग नाय तो. मी त्या दिव्यात बसलेली,” मी म्हटलं. “तुझ्या बाळासाठी.”



“दिवा गाडीसाठी होता, अम्मा,” ती म्हणाली. “अब्बा, मला लांज्याला सोडा, फुपूकडे.”

दार पुन्हा सरकलं. बाळ आता मोठ्यानं रडत होतं. वळणापर्यंत त्याचा आवाज आला.

डॉक्टर माझ्यावर ओरडले, पण म्हणाले, दिव्यानं भाजलंय, रोग परतलेला नाही. मुसांनी लांज्याला आपल्या बहिणीकडे फोन करून तसं सांगितलं. रुबिना म्हणाली, “असू दे, अब्बा. पुढच्या खेपेला बघू.” आणि मुंब्र्याला निघून गेली.

डोळे बरे झाल्यावर मी गाडी झाडायला गेले. मागच्या सीटखाली एक मोजा सापडला, माझ्या अंगठ्याएवढा. मी तो नाकाशी धरला. दुधाचा वास होता. किती वेळ धरला, कुणास ठाऊक.

मुसा म्हणाले, “दे, पाठवून देतो.”

मी लगेच दिला नाही. सीटवर ठेवला, दिवा लावला, दार सरकवून घेतलं आणि बाहेर उभी राहिले.