भट्टीसमोर मांडलेली फौज

मी एक जुना शिशाचा घोडेस्वार आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा. मित्रांनो, माझी गोष्ट सलग सांगायची होती. पण समोर भट्टी आहे, आणि ती पेटली की माझं सांगणं तुटतं. तुटलं तर सांभाळून घ्या.

स्वार होण्याआधी मी अक्षरं होतो. जालन्यातल्या एका छापखान्यातले खिळे. लग्नपत्रिका छापल्या, प्रश्नपत्रिका छापल्या, झिजलो. झिजलेले खिळे लोखंडी भांड्यात वितळवतात. आधी पाय मऊ होतात. मग कडा जातात. मग आपण कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो, ते कळत नाही.

पुढचं सांगवत नाही.

खिळे जुळवणारे बद्रीनाथ. १९८३ साली त्यांनी मालकाकडून थोडं टाकाऊ शिसं मागून घेतलं. लाकडात स्वार कोरला, त्याचा साचा केला आणि मला ओतलं. माझ्यामागून भालाईत आले, तोफा आल्या, एक नगारेवाला आला. हिरवी आणि तांबडी अशा दोन फौजा झाल्या. चादरीवर नदी-डोंगर रंगवले गेले. दर रविवारी तातेराव मास्तर यायचे, फासे पडायचे आणि आम्ही लढायचो.

"तातेराव, तुमची तोफ नदीत उभी हाय."

"उन्हाळा हाय. पाणी कुठंय नदीला?"

गल्ली हसायची. ते माझे चांगले दिवस.

पुढे छापखाना बंद पडला. तातेराव मुलाकडे नांदेडला गेले. एका रविवारी आम्हाला डब्यात ठेवलं.

झाकण.

अंधार. अंधार. शेजारच्या भालाइताचा भाला माझ्या पाठीत.

झाकण.

उजेड! बाईचा आवाज. बद्रीनाथांची लेक उषाबाई त्यांना आष्टीला आपल्या घरी न्यायला आली होती.

"आबा, तुम्ही चला. पण हे शिसं घरात नको. लेकरू दिसंल ते तोंडात घालून राह्यलंय."

"बराबर हाय," बद्रीनाथ म्हणाले.

मी तिला दोष देत नाही. शिसं पोटात गेलं तर लेकराचं वाईटच होतं. पण आम्हाला विकायचं कुठे?

आधी राजूर. गणपतीच्या देवळापाशी चतुर्थीची गर्दी, नंदाबाईंचं खेळण्यांचं दुकान. "द्या काका, पिपाण्यांजवळ मांडते. एकेक करून खपतील." एकेक! ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो, त्यांच्यापासून एकेक! एवढ्यात एका चिमुरडीने मला उचललं आणि सरळ तोंडात घातलं. तिचे दुधाचे दात माझ्या घोड्यावर वाजले. बद्रीनाथांनी मला झटकन काढून घेतलं.

"बाई, हितं न्हाई जमायचं."

"कामून? गिऱ्हाईक तर लागलं की!"

"त्येच तर."

झाकण.

डबा उघडला तो जालन्यात, भुजंगच्या भंगाराच्या दुकानात. भट्टी पेटलेली होती.

खरं सांगू? मला भुजंगची भीती वाटली नाही, बद्रीनाथांची वाटली. जन्मभर त्यांनी झिजलेले खिळे भांड्यात टाकले होते. वितळणं हा त्यांचा रोजचा व्यवहार.

"शिसं मरत न्हाई, भुजंग," ते शांतपणे म्हणाले. "रूप बदलतं."

मित्रांनो, ज्याने घडवलं तोच असं म्हणाला, तर हाक कुणाला मारायची?

माल बघायला भुजंगने हाताला लागला तो शिपाई भांड्यात टाकला. नगारेवाला होता तो.

आधी पाय.

मग कडा.

मग भुजंगच्या बोटांत मी. त्याने मला उलटसुलट फिरवलं. थांबला. "काका, ह्यो डाव्या हातानं कामून लढतो?" त्याने डबा पोत्यावर ओतला. "आरं तिच्या! सगळी फौजच डावखुरी!"

बद्रीनाथ हसले. कितीतरी दिवसांनी. "खिळ्यावरचं अक्षर उलटं असतंय, तवा कागदावर सुलटं उमटतं. जल्मभर शिशात उलटंच बघितलं. स्वार कोरताना हात आपसूक उलटा चालला. ध्यानात आलं तवर फौज उभी राहिल्ती."

"अन् लढतात कसे हे?"

"बस. दाखवतो."

पोत्यांवर डब्यातली नदी-डोंगरांची चादर अंथरली. भट्टीची धग माझ्या पाठीला लागत होती, आणि मी नदी ओलांडत होतो. भुजंग बघता बघता हरला.

"परत मांडा."

परत हरला.

"न्हाई, न्हाई, मांडा. आता तुमची खोडी कळली!"

निखाऱ्यांची राख झाली तरी त्याने आम्हाला वजनकाट्यावर ठेवलं नाही. "फौज माझ्यापाशी राहू द्या, काका. घरी लेकरंबाळं न्हाईत. बाजाराला आलात की येत जा."

बद्रीनाथ उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"भुजंग, वितळवू नको बरं का."

तेव्हापासून मी इथे फळीवर आहे. नगारेवाल्याच्या जागी गंजका बोल्ट उभा करतात. समोर रोज काही ना काही वितळतं. भुजंग माणूस चांगला आहे. पण भंगार हाच त्याचा धंदा, आणि समोर बसायला कुणी नसलं की तो आमच्याकडे फार वेळ बघतो.

मित्रांनो, खेळून झालेल्या वस्तू खुशाल विका. पण घेणाऱ्यासमोर आधी एकदा बसा, त्याच्याशी एक डाव खेळा. खेळ ज्याला कळला नाही, त्याच्या हातात आमचं फक्त वजन उरतं.

आज बाजाराचा दिवस. आष्टीची एसटी येऊन गेली. बद्रीनाथ आले नाहीत. मागच्या बाजारालाही आले नव्हते.

भुजंगने भट्टी पेटवली आहे.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने जात असेल तर आत या. खेळता येत नसलं तरी चालेल. नुसते समोर बसा.