दहा लाख तीनचा ताळा

मित्रांनो, मी एक संख्या आहे. १०,००,००३. वयाने सह्याद्रीहूनही जुनी. पण माझी खरी कहाणी नाशिकजवळच्या दिंडोरीत, खंडेराव सरांच्या वहीत घडली.

मी मूळ संख्या आहे. एक आणि मी स्वतः सोडून कुणीही मला पूर्ण भागू शकत नाही. दहा लाखांपुढची पहिलीच मूळ संख्या मी. पण माझ्यासारखी दुसरी शोधायला मागे वीस घरे जावे लागते, पुढे तीस. त्याच्याही थोडे पुढे १०,००,०३७ आणि १०,००,०३९ राहतात. दोघी मूळ, मध्ये एकच घर. अशांना जोडमूळ म्हणतात. मला त्या मुळीच आवडत नाहीत.

सरांनी त्या दोघी आपल्या लेकीबरोबर तपासल्या. शुभांगी तेव्हा नववीत होती. हजाराच्या आतल्या १६८ मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहायचे. सर पेन्सिलीने भागाकार करत, शुभांगी गुणाकार करून ताळा बघे, मगच उत्तर शाईने लिहिले जाई. "दुसऱ्याचा ताळा नाही, तर शाई नाही," हा सरांचा नियम. काम संपले तेव्हा त्यांनी त्या जोडीभोवती चौकट आखली. "एक तू, एक मी," म्हणाले. माझ्याबद्दल एवढेच, "ती काय, कधीही करू."

माझी पाळी आली तेव्हा शुभांगी नोकरीसाठी बंगळूरला होती. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. १०१ ने भागताना त्यांनी माझा शेवटचा तीन एक असा वाचला. १०,००,००१ ला १०१ ने पूर्ण भाग जातो. बाकी शून्य! माझ्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिले, 'मूळ नाही'.

फोनवर ते म्हणाले, "ताळा तेवढा राहिलाय, पोरी."

"दिवाळीत बघते, अप्पा."

दोन दिवाळ्या गेल्या. ती जोडी चौकटीत मिरवत राहिली. यंदा सर गेले.

तेराव्यानंतर शुभांगीने वही उघडली.

"वही कसली, सवत होती माझी," तिची आई मैनाबाई म्हणाल्या. "अन् मोबाईलला विचार ना, लगेच सांगल तो."

"सांगेल गं. पण अप्पा चुकले असतील तर कुठे, ते नाही सांगणार."

तिने मला १०१ ने भागले. बाकी दोन. पुन्हा भागले. दोनच.

"चुकले व्हय ते?"

"तू ताळा बघ ना, आई. ९,९०१ गुणिले १०१, अधिक दोन."

मैनाबाईंनी चष्मा लावून सावकाश गुणाकार केला. "बरोबर हे तुझं."

शुभांगीने सरांचे शून्य खोडले नाही. त्याच्या शेजारी शाईने दोन लिहिले.

अजून एकशे बेचाळीस भागाकार बाकी आहेत. त्या जोडीचा हेवा काही माझ्या मनातून गेलेला नाही. त्यांचा ताळा वेळेवर झाला. मित्रांनो, घरात कुणी एकटे भागाकार करत बसले असेल, तर शेजारी जाऊन बसा. चूक सापडायचीच असेल, तर दोघे असताना सापडू द्या. तेव्हा तिच्यावर हसता येते.