झाकणाच्या आतली खूण

"उघडा नाना. माझ्यासमोर उघडा," स्वातीने म्हटलं आणि जावयाचं घड्याळ काशिनाथच्या टेबलावर ठेवलं.

बारडोलीहून दुपारच्या बसने निघालेली पोर आईलाही न भेटता थेट पांडेसऱ्यात बापाच्या टेबलाशी आली होती. टेबल म्हणजे तरी काय, भटू शिंप्याच्या दुकानाबाहेर मांडलेली काचेची पेटी आणि एक स्टूल. पण डाइंग मिलची पाळी बदलताना माणसं सायकल थांबवून काशिनाथला वेळ विचारायची आणि आपली घड्याळं लावून घ्यायची. शाळेत असताना हीच स्वाती मैत्रिणींना ऐटीत सांगायची, की माझ्या नानांचं घड्याळ बरोबर, भोंगा चुकतो.

घड्याळ होतं मोठं झोकदार. मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या, कडेला दोन बटणं. बटण दाबलं की स्टॉपवॉच धावायला लागावं, असा थाट. मुलाकडच्यांनी बैठकीतच सांगितलं होतं, घड्याळ फॉरेनचंच पाहिजे. काशिनाथ आपलं चावीचं घड्याळ द्यायला निघाला होता. चोवीस वर्षांत ते एक दिवस थांबलं नव्हतं. ते पाहून विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मुलीच्या मामाने, भगवानने, स्टेशनजवळून हे घड्याळ आणलं आणि मे महिन्यात मांडवात वैभवच्या मनगटावर बांधलं. दुकानदाराने त्याला असली माल म्हणूनच विकलं होतं, आणि मेहुण्याला दाखवून घ्यावं एवढा वेळ लग्नघरात कोणाला असतो? काशिनाथ तर पंगतीत वाढत होता.

वैभव साखर कारखान्यात, उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर. हंगाम सुरू झाला तसं तिथल्या पोरांनी त्याला म्हटलं, चालव बघू तुझं स्टॉपवॉच. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लहान काटे जागचे हलेनात. पोरं दिवसभर हसली, आणि आठवड्याभरात तर घड्याळच बंद पडलं.

हे सगळं स्वाती भरभर सांगत होती. काशिनाथने डोळ्याला भिंग लावलं, पातं घालून मागचं झाकण उचकटलं. एवढ्या मोठ्या घड्याळाच्या पोटात एक लहानसं प्लास्टिकचं मशीन, भोवती कागदाची घडी कोंबलेली. लहान काटे गोंदाने चिकटवलेले. बटणांच्या मागे नुसती स्प्रिंग. त्याने झाकण उलटं केलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

आत सुईने कोरलं होतं, का. सो., १/९६. काशिनाथ सोनवणे, यंदाचा जानेवारी.

ही सवय त्याला उस्तादाने लावली होती. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत आपलं नाव आणि महिना कोरायचा. उद्या काही बिघडलं तर कोणाच्या हातून गेलं ते कळावं, तोंड लपवायला जागा राहू नये. पण चावीची घड्याळं घेऊन येणारं गिऱ्हाईक उरलं होतं कुठे? सेलवाली घड्याळं लोक वापरत आणि फेकून देत. टेबलावर माश्या बसायला लागल्या तेव्हा लोटू आला, काशिनाथच्याच गावाकडचा, पिशवीभर बंद पडलेली नकली घड्याळं घेऊन. आतलं मशीन दुरुस्त होण्यासारखं नव्हतंच. दाते प्लास्टिकचे, झिजले की संपलं. स्वस्तातलं साधं मशीन बसवून, काटे चिकटवून द्यायचे; लोटू ती पुन्हा दुकानदारांना विकायचा. पोरीचं लग्न तोंडावर होतं. काशिनाथने मनाला समजावलं की आपण फक्त मशीन बसवतो, विकणारा वेगळा. हिवाळाभर त्याने ते काम केलं, आणि हाताला लागलेलं वळण असं मेलं चिवट, की त्या खोट्या मालावरही तो इमानाने सही करत गेला.

"बारडोलीच्या कारागिराने झाकण उघडून वाचलं," स्वाती म्हणाली. "तो तुम्हाला ओळखत नव्हता. हे ओळखत होते. आता घरात रोज ऐकते, की बापाने घरच्या घरी घड्याळ बनवलं आणि जावयाला फॉरेनचं म्हणून घातलं."

"माले माहीत नव्हतं, पोरी," काशिनाथ म्हणाला. "तुना मामानी आनं व्हतं ते."

बापाशी कायम अहिराणीत बोलणारी पोर त्या दिवशी शाळेतलं मराठी बोलत होती.

"आपल्या घरी येईल हे माहीत नव्हतं. कोणाच्या तरी घरी जाईल, हे माहीत होतं ना?"

  काशिनाथने मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं, सदऱ्याने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. म्हटलं, वैभवरावांना हे दे, मी येऊन त्यांच्या पाया पडतो. स्वातीने ते घेतलं नाही. बंद घड्याळ मात्र झाकणासकट रुमालात बांधलं. सासरच्यांनी ते परत आणायला सांगितलं होतं, असं म्हणाली.

ती उठली. बस साडेचारची होती. किती वाजले, तिने विचारलं.

"चार वाजून सात मिनिटं," काशिनाथ हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाला.

स्वातीने मान हलवली. मग पायरी चढून ती शिंप्याच्या दुकानात डोकावली आणि हळूच म्हणाली, "भटूकाका, किती वाजले?"