तिसरा वाटा

धनीरामने पिशवी हुकाला अडकवली, स्प्रिंगचा तराजू डोळ्यांसमोर धरला आणि काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहिला. पिशवीच्या तळातून पाणी ठिबकत होतं. ते पूर्ण गळेपर्यंत तो थांबला. पाण्याचं वजन माशात धरायचं नाही, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. कार्यालयात कुणी तसं सांगितलं नव्हतं.

काटा किलोच्या बराच पुढे जाऊन थांबला.

मोहाडीच्या बाजारात मासे किलोवर विकत नसत. पळसाच्या पानावर वीतभर लांबीच्या रोहूंचा वाटा मांडायचा आणि वाट्याचा भाव सांगायचा, ही रीत होती. सरकारला मात्र किलोचा भाव लागे. म्हणून दरवर्षी चैत्रात, तलावांचं पाणी उतरून जाळी पडू लागली की, भंडाऱ्याच्या मत्स्य कार्यालयातून एक माणूस इथे येई. तीन आठवडी बाजारांना तो एकेक वाटा विकत घेई, तोलून पाही आणि किमतीला वजनाने भागी. त्या तीन आकड्यांवरून वर्षाचा किमान दर ठरे. मासेमार सोसायटीकडून तलावाच्या पाळीवर, बांधावरच, मासे उचलणाऱ्या ठेकेदाराला त्याहून कमी देता येत नसे, आणि त्याहून जास्त त्याने कधी दिलं नव्हतं.

बारा वर्षं हे काम केशवरावांनी केलं. आता त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते धनीरामकडे आलं होतं. धनीराम कोंढ्याचा, धान पिकवणाऱ्या घरातला, नागपुरातून बी.एस्सी. झालेला. आल्याआल्या त्याने एक सुधारणा सुचवली होती. तीन आकड्यांतला एखादा बाकीच्या दोहोंपासून फार दूर पडला, तर तो सोडून द्यावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असंच करत. केशवरावांना ते पटलं, वरच्या साहेबांनाही पटलं, आणि या वर्षापासून तसं करायचं ठरलं.

आज तिसरा बाजार होता. पहिल्या दोन बाजारांचे आकडे कार्यालयात केव्हाच पोचले होते.

वाटा तीनही वेळा जनाबाईकडूनच घेतला होता. वाटा घ्यायची जागा बदलू नये, अशी केशवरावांची सूचना होती. जनाबाई तहसील कचेरीच्या भिंतीलगत बसे. तिचा नवरा इश्वर सोसायटीत होता. धनीराम आला की ती आधी मडक्यातलं पाणी देई, कोंढ्याकडे धान कसं झालं ते विचारी, मग वाटा मांडी. पहिल्याच बाजारात तिने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. गेली दोन वर्षं दर जागचा हलला नव्हता. यंदा थोडा वाढला तर सोसायटी आषाढात तलावात माशांचं बीज सोडणार होती. नाही वाढला तर बीज नाही, आणि मग इश्वरने कामठीकडच्या वीटभट्टीवर जायचं ठरवलं होतं. मागे एकदा तो गेला होता तो खोकला घेऊन परतला. हे सांगताना तिने मागितलं काही नव्हतं. नुसतं सांगितलं होतं.

धनीराम आकडा टिपून घेत होता तेवढ्यात मंदाबाई आल्या. त्या गावातल्या मास्तरांच्या पत्नी. त्यांनी भाव विचारला, घासाघीस केली आणि शेवटी चारच रुपये दिले, धनीरामने दिले होते तेवढेच. वरून एक टाक म्हणाल्या, तेव्हा जनाबाईने परवडत नाही म्हणत बोटाएवढी एक मासोळी टाकली.

धनीरामने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि मग आपल्या पिशवीकडे.

"बाई, तुमची पिशवी एकदा हुकाला लावू का?"

"काहून? चोरी केली का मी?"

"नाही. वजन पाहतो फक्त."

मंदाबाईंनी नाखुशीने पिशवी दिली. काटा पाऊण किलोपर्यंतही पोचला नाही. पिशवी परत घेताना त्या पुटपुटल्या की सरकारला आता दुसऱ्याच्या घरची भाजीही तोलायची आहे, आणि निघून गेल्या.

धनीराम जनाबाईसमोर उकिडवा बसला.

"मावशी, मला वरून किती टाकले?"

"कोण मोजते? साहेबाले मोजून देते का कोणी?"

"मागच्या बाजारालाही टाकले होते?"

"केशवसाहेब येत, तवापासून टाकून राहिली मी." ती हसली. "तुमाले कमी पडले का?"

मग त्याने तिला समजावून सांगितलं. घाईने नाही, एकेक पायरी करत. चार रुपयांत मासे जास्त आले, तर किलोमागे पैसे कमी पडतात. कार्यालयात पोचतो तो हा कमी आकडा, आणि वर्षभराचा दर ठरतो तो त्याच्यावरून. बोलता बोलता त्याने दोन पानं ओढली, एकावर जास्त मासे ठेवले, दुसऱ्यावर कमी. जनाबाई पानांकडे बघत राहिली. शेजारी बसणाऱ्या बेबीबाईला तिच्याआधी समजलं.

"म्हणजे आपला भाव आपणच पाडून राहिलो वो जनाबाई. आन् नाव ठेकेदाराचं."

पानावरची माशी जनाबाईने हाताने उडवली, पुन्हा उडवली.

"मले वाटे," ती म्हणाली, "आपण हात सैल ठेवला तं सरकार बी ठेवीन."

धनीरामने पिशवी तिच्यासमोर रिकामी केली. मंदाबाईंना दिला तसाच वाटा द्या, म्हणाला. ती नको म्हणाली. दिलेला मासा परत टोपल्यात घ्यायचा, तोही पाहुण्याच्या पिशवीतला, हे तिच्याने होईना. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. बेबीबाईने तिला वीटभट्टीची आठवण करून दिली, तीही हळू आवाजात. तेव्हा कुठे जनाबाईने हात पुढे केला आणि एकेक मासा बाजूला काढला. काढलेले मासे तिने वेगळ्या पानावर ठेवले आणि दुसऱ्या पानाने झाकले. मघाचाच वाटा तिने पुन्हा मांडला, कुणाही गिऱ्हाइकाला मांडावा तसा.

धनीरामने तोलला, आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला. या दुसऱ्या वाट्याच्या वेळी जनाबाईने पाणी विचारलं नाही. तो उठला तेव्हा ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. झाकलेले मासे बाजार उठेपर्यंत तिने विकायला काढले नाहीत, पण हे पाहायला तो तिथे नव्हता.

कार्यालयात केशवरावांनी तीनही आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हा तिसरा लांब पडला रे."

"तोच खरा आहे," धनीराम म्हणाला, आणि वरून टाकलेल्या माशांची हकिकत त्याने सांगितली.

केशवरावांनी ती मन लावून ऐकली. नमुन्याचे मासे बारा वर्षं त्यांच्याच घरी शिजत आले होते. वाटा मोठा असतो, हे त्यांच्या पत्नीने, सुलोचनाबाईंनी, एकदा त्यांना म्हटलंही होतं. मोहाडीचे लोक चांगले आहेत, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता.

"मग पहिले दोन सोडायचे म्हणतोस?"

"हो."

"ते दोन एकमेकांशी जुळतात. मागच्या वर्षीच्याशी जुळतात. त्याच्या मागच्याशीही." ते थकल्या आवाजात बोलत होते, त्यात राग नव्हता. "वर विचारतील, एकासाठी दोन का सोडले. आणि दोन जुळत असताना तिसरा सोडायचा, हे तूच शिकवलंस."

धनीरामने आणखी एक बाजार मागितला. तीनच्या वर चौथा घ्यायची सोय नव्हती. त्याने दोन पानी टिपण लिहिलं. केशवरावांनी ते अडवलं नाही, सही करून वर पाठवलं. वरून उत्तर आलं की सूचना चांगली आहे, पुढील वर्षी विचार करता येईल.

दर जूनच्या सुरुवातीला निघाला. मागच्या वर्षीचाच.

तो कागद तालुक्याला पोचायला आठवडा तरी लागला असता. बाजाराच्या दिवशी धनीरामने रजा टाकली आणि मोहाडीची गाडी धरली. पाऊस अजून नव्हता. आभाळ भरून येई आणि तसंच उतरून जाई. कचेरीच्या भिंतीची सावली आखडली होती. जनाबाई तिच्यात पाय आखडून बसली होती.

त्याला पाहताच तिची नजर त्याच्या हातांकडे गेली.

"तराजू नाही आणला?"

"नाही."

"मंग आज तोलाचं नाही?"

"नाही. ते काम झालं."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिने मडक्यातलं पाणी दिलं, तो पिईपर्यंत थांबली, कोंढ्याकडे नांगरणी झाली का ते विचारलं. मग पान पसरून वाटा मांडला, तो त्याच्या पिशवीत ओतला आणि टोपल्यात हात घालून वरून एक मोठा रोहू टाकला. मग आणखी एक.

"घ्या. तुमाले वरून टाकाले मिळालं नाही म्हणून झुरून राहिली होती बिचारी," बेबीबाई शेजारून म्हणाली. "आज सुटली."

जनाबाईने तिसरा उचलला. तो अजून शेपूट हलवत होता.

"भावाचं काही समजलं का?"

धनीरामने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तेवढाच राहिला, मावशी."

बेबीबाईने पानं जुळवायची थांबवली. जनाबाईचा हात पिशवीवर तसाच राहिला, मुठीत मासा. पाण्याचे दोन-तीन थेंब धनीरामच्या मनगटावर पडले.

मग तिने मूठ सोडली. मासा पिशवीत पडला. तिने एक हिरवं पान घेतलं, पाण्यात बुडवून झटकलं आणि आत माशांवर नीट पसरलं.

"गाडी चारची ना?" ती म्हणाली. "उन्हात धरू नका."