राक्षस पडेपर्यंत

पिंपळनेरजवळच्या त्या गावात चैत्रातली सोंगं जवळ आली की पारावर दरवर्षी एकच वाद पेटायचा. राक्षस भारी की जादूगर? राक्षसाचं सोंग वना घ्यायचा, जादूगराचं जीवराम, आणि दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

"राक्षसनं बळ मोठं शे," वनाच्या गल्लीतले म्हणायचे.

"पन त्याले तोंड नही," जीवराम हसून म्हणायचा.

ते मात्र खरं होतं. लाकडी मुखवटा चढला की उतरेपर्यंत राक्षसानं अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत होती. काढलं तर मुखवट्याचा मान दुसऱ्या घरी जाणार. वनाच्या आजापासून चालत आलेला हा मान जीवरामला हवा होता आणि मेला ते लपवतही नव्हता. जादूगराचं सगळं बळ जिभेत. त्यानं मंत्र म्हणायचे, राक्षसाला वाटेल ते बोलायचं, शेवटी भस्म फेकायचं. राक्षस पडला की देवीची पालखी पुढे निघायची.

एक्क्याण्णव साली वनाला बोलायला लावायचंच, असा जीवरामनं चंग बांधला. उजाडायला आलं होतं, संबळ वाजत होता. ओट्यावरच्या बायांमध्ये वनाची लेक प्रमिला उभी होती. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून ती माहेरी परतली होती आणि महिन्यांनी पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. जीवरामनं तिला पाहिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अरे राक्षसा, तुले कोन घाबरस? तुनी पोर सासरमा टिकनी नही. तिनं लक्षन बठ्ठा गावले माहीत शे."

संबळ थांबला. प्रमिलानं मान खाली घातली. मुखवट्याआड वनाचं रक्त उकळलं. एक सणसणीत शिवी ओठांवर आली होती. ती त्यानं गिळली, आणि गिळताना त्याला स्वतःचीच चीड आली.

तो बोलत नाही म्हटल्यावर जीवरामनं निरुपायानं मंत्र पुटपुटून भस्म फेकलं.

वना पडला नाही.

जीवरामनं पुन्हा मूठ फेकली. वना खांबासारखा उभा. पोरं हसली, मग मोठीही हसली. पालखीचे भोई खांदे बदलू लागले.

"हाई नेममा बसत नही," जीवराम ओरडला.

पालखीपुढचे म्हातारे चुडामण आबा शांतपणे म्हणाले, "न बोलाना नेम शे. पडाना नेम कोठे शे?"

इतकी वर्षं आपला मंत्र लागतो तो वना पडतो म्हणून, हे जीवरामला तेव्हा उमगलं. त्याचा चेहरा उतरला. तो जवळ येऊन कुजबुजला, "वनाभाऊ, पड ना आते."

वनानं हात पुढे केला. जीवरामला कळेना. मग वनानं त्याच्या काखेतली भस्माची पिशवी ओढून घेतली, ओट्याशी गेला आणि ती प्रमिलाच्या हातात दिली.

तिनं मूठ भरली, जीवरामकडे एकदा रोखून पाहिलं आणि भस्म बापाच्या मुखवट्यावर फेकलं.

राक्षस धाडकन पडला. संबळ दणाणला, पालखी पुढे निघाली. जीवराम जादूची काठी धरून वाटेतच उभा होता.

"बाजू व्हय," आबा त्याला हातानं दूर सारत म्हणाले.